घरातल्या घरात

एकाच घरात राहणाऱ्या दोन माणसांनी परस्परांशी बोलणे टाकले, तर त्याला मराठीत ‘अबोला’ असा एक नेटका शब्द आहे. अबोला भांडणापेक्षा बरा, असे आमची आजी म्हणत असे. कारण भांडणात भांडी आदळतात आणि अबोल्यात ती घासूनपुसून जागच्या जागी ठेवली जातात. अबोल्याला कारण असते, मुदत असते, आणि मधला निरोप्या म्हणून एखादे लहान मूलही हाताशी असते. एकाच घरातल्या दोन संगणकांत जो अबोला पडतो, त्याला यांतले काहीच नसते. दोघेही एकाच वायफायवर जगतात, दोघांनाही अमेरिकेतला भाचा हसताना दिसतो. फक्त पलीकडच्या खोलीतला सोबती तेवढा दिसत नाही.

विचारायला जावे तर संगणक एक आकडा सांगतो. ‘शून्य एक्स आठ शून्य शून्य सात शून्य शून्य तीन पाच’ असा तो मंत्र आहे आणि त्याचा अर्थ ‘जाळ्यावरची वाट सापडली नाही’ एवढाच. कोणती वाट, कोणी अडवली, याबद्दल मौन! ज्यांच्या घरी दोन संगणक आहेत त्यांतल्या पुष्कळांनी हा आकडा पाहिला असेल आणि कपाळाला हात लावून फाइल स्वतःलाच ईमेलने धाडली असेल. म्हणजे मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत यायला ती बिचारी सातासमुद्रापलीकडे जाऊन आली असेल.

या सदरात मी एरवी शब्दांच्या गोष्टी सांगते. या खेपेची गोष्टही शब्दांचीच आहे. पण त्या शब्दांपर्यंत पोचायला मला तीन आठवडे लागले, आणि ते सारे आठवडे आमच्याच घराच्या दोन खोल्यांमधल्या पंधरा पावलांत गेले.

आमचे मामंजी रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. (सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणणारी आमच्या इमारतीत बहुधा मी एकटीच. पण सगळ्यांनाच ‘बाबा’ म्हटले की कोणाचे बाबा हा प्रश्न उरतो. मामंजींच्या बाबतीत तो उरत नाही.) नोकरीत सात गावे झाली आणि प्रत्येक गावातून त्यांनी एकच गोष्ट बरोबर आणली, ती म्हणजे शब्द. पाखाडी, साकव, व्हाळ, पऱ्या, गडगा. नुसता शब्द नव्हे, तर तो कोणी कसा वापरला तेही. ‘साकव’ या नोंदीपुढे त्यांनी लिहिले आहे, “याला पूल म्हणू नये. पूल एकदा बांधतात, साकव दरसाल.” निवृत्तीनंतर ते डोंबिवलीस आमच्याकडे आले. २०१२ साली त्यांनी स्वतःच्या पैशाने एक संगणक घेतला, सदुसष्टाव्या वर्षी टंकलेखन शिकले, आणि वह्यांतले शब्द एकेक करून त्या पेटीत उतरवू लागले. पुढे नातीने मोबाइलवर आवाज टिपायला शिकवले. तेव्हा मे महिन्यात गावी जाऊन बायाबापड्यांची बोलणी आणि जात्यावरच्या ओव्याही त्यांनी टिपून आणल्या. त्यांतल्या कित्येकजणी आज नाहीत.

या श्रावणात त्या संगणकाच्या पोटातून ‘टक्‌, टक्‌’ असा आवाज येऊ लागला. तबकडीवाली हार्ड डिस्क असा आवाज करू लागली, की तिचे दिवस भरत आले असे समजावे. शिवाय त्यावर विंडोज सेव्हन आहे. तिच्या दुरुस्त्या करून देणे मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून थांबवले. म्हणजे म्हातारा संगणक, त्यातही वैद्य सोडून गेलेला.

“मग पेनड्राइव्हवर घ्या की!” असे वाचक म्हणतील. आम्हीही म्हटले. पण पूर्वी एकदा झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आलेल्या पेनड्राइव्हने असा विषाणू आणला होता, की मामंजींचे सारे फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी शॉर्टकटांची बुजगावणी उभी राहिली. खरे फोल्डर तिथेच लपवलेले होते आणि ते परत मिळालेही. परंतु ते दोन दिवस मामंजी जेवले नव्हते. तेव्हापासून त्या संगणकाला पेनड्राइव्हचा स्पर्श वर्ज्य. पेटी उघडून डिस्क बाहेर काढण्याचीही मनाई. आणि हल्ली ज्याला ‘क्लाउड’ म्हणतात तिथे ते ठेवावे, तर मामंजी म्हणाले, “त्या बायांनी मला विश्वासानं सांगितलंन्, जगाला नाही. घराबाहेर जाता कामा नये.”

मला त्यांचे म्हणणे पटले. तेव्हा घरातल्या घरात, त्यांच्या खोलीतल्या संगणकावरून माझ्या लॅपटॉपवर, एवढाच मार्ग उरला.

आमच्याकडचे ‘हे’ स्थापत्य अभियंता आहेत. पूल, धरणे असल्या अचल वस्तूंचे त्यांना प्रेम. त्यांनी एका दुकानातल्या तरुणाला बोलावले. तो मुलगा चटपटीत होता. खुर्चीवर टेकायच्या आधीच त्याने निदान सांगितले, “फायरवॉल पूर्ण बंद करू, लॅपटॉपवर एसएमबी वन चालू करू, पासवर्ड काढून टाकू. दहा मिनिटांत काम.” मी त्याला चहा दिला आणि म्हटले, “आज राहू द्या.”

मी तसे का म्हटले ते सांगायला हवे. कारण हेच तीन उपाय घरोघर सांगितले जातात आणि केलेही जातात.

एका संगणकाने दुसऱ्याकडे फाइल मागायची ती कोणत्या तरी ठरलेल्या बोलीत. विंडोजच्या घराण्यात या बोलीला एसएमबी म्हणतात. १९८३च्या सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी ती घडवली. पुढे ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने १९९१-९२च्या सुमारास तीच बोली दुसऱ्या जातीच्या संगणकांना शिकवली. त्याच्या कामाचे पहिले नाव दुसऱ्या एका कंपनीच्या मालकीचे निघाले. तेव्हा त्याने शब्दकोशाच्या यादीत एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द शोधले आणि त्यांतून ‘सांबा’ निवडला. शब्दकोशाचा इतका रोकडा उपयोग केलेला माणूस मला तरी दुसरा ठाऊक नाही! तर या बोलीच्या पिढ्या झाल्या आहेत. पहिली पिढी आता मोडीसारखी झाली आहे. मात्र मोडी निरुपद्रवी आहे आणि ही नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा जो उत्पात जगभर झाला, तो या पहिल्या पिढीतल्या एका भगदाडातून शिरला होता. इंग्लंडातल्या सरकारी रुग्णालयांचे कामकाज त्याने विस्कळीत केले, दीडशेच्या आसपास देशांतले संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. भगदाड बुजवणारी दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच निघाली होती. ज्यांनी ती लावली नव्हती ते सापडले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धापासून नव्या विंडोजमध्ये ही पहिली पिढी बसवणेच बंद झाले.

आणि गंमत अशी, की आम्हाला तिची गरजच नव्हती. विंडोज सेव्हनला दुसऱ्या पिढीची बोली येते आणि माझ्या लॅपटॉपवरच्या विंडोज ११ला ती समजते. ‘एसएमबी वन चालू करा’ हा सल्ला विंडोज एक्सपीसाठी किंवा फार जुन्या साठवण-पेट्यांसाठी कधीकाळी होता; तो म्हणीसारखा रूढ झाला आणि म्हणीसारखाच कुठेही वापरला जातो.

तेव्हा मी आणि आमची अकरावीतली कन्या, अशा दोघी कामाला लागलो. माझी पद्धत एकच: वर्गात विद्यार्थ्याला कविता समजली नाही तर मी आधी पाहते, तो वर्गात हजर होता का.

म्हणजे हे दोघे संगणक मुळात एका जाळ्यावर आहेत का? दोन्हीकडे काळी खिडकी उघडून ‘आयपीकॉन्फिग’ अशी आज्ञा दिली, की प्रत्येकाचा घरातला पत्ता कळतो. लॅपटॉपचा निघाला १९२.१६८.१.७ आणि मामंजींचा १९२.१६८.०.३. पहिल्या दोन आकड्यांत काही नाही. घरगुती पत्ते पुष्कळदा तसेच सुरू होतात. तिसरा आकडा पाहावा. आमच्यासारख्या घरांत तो सहसा सारखा असतो. आमच्याकडे एकीकडे १, दुसरीकडे ०. (कुठे १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. आधी वायर किंवा वायफाय पाहावे.)

एका घरात दोन गल्ल्या कशा? उत्तर मामंजींच्या खोलीतल्या कपाटावर होते. २०२०च्या टाळेबंदीत मागच्या खोलीपर्यंत वायफाय पोचेना म्हणून यांनी दुसरा राउटर आणून बसवला होता. अशी दुसरी पेटी पहिलीच्या मागे जशीच्या तशी लावली, की ती स्वतःचे वेगळे बिऱ्हाड थाटते. तिच्या आत बसलेल्याला बाहेरचे सारे दिसते, इंटरनेट उत्तम चालते. बाहेरच्याला मात्र आतले कोणी दिसत नाही. जुन्या वाड्यांत चिकाच्या पडद्याआडून बायका दिवाणखान्यातली बैठक पाहत, तसे. म्हणूनच तर पाच वर्षे कोणाला काही चुकल्यासारखे वाटले नाही! इलाज सोपा निघाला. राउटरच्या मांडणीत ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ नावाची एक तऱ्हा असते. ती निवडली, की दुसरी पेटी स्वतःचे बिऱ्हाड मोडून पहिलीच्या कुटुंबात सामील होते. पेटी पुन्हा सुरू झाली तेव्हा मामंजींचा पत्ता १९२.१६८.१.९ झाला होता.

असाच प्रकार ‘गेस्ट’ वायफायवरही होतो. पाहुण्यांसाठी म्हणून वेगळे नाव दिलेले ते वायफाय पाहुण्याला इंटरनेट देते, पण माजघरात येऊ देत नाही. त्याचे ते कर्तव्यच आहे. घरातले एखादे माणूस चुकून त्यावर बसलेले असले, तर दोष वायफायचा नव्हे.

पत्ता बदलताच मामंजींच्या पडद्यावर एक प्रश्न उमटला. विंडोज सेव्हन नवे जाळे दिसले की विचारते: हे घर आहे, कचेरी आहे, की सार्वजनिक जागा? मामंजींनी तो मोठ्याने वाचला आणि माझ्याकडे पाहिले. “हे काय विचारणं झालं?” असे म्हणून त्यांनी ‘घर’ दाबले. हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा फार महत्त्वाचा आहे. ‘सार्वजनिक’ म्हटले, की संगणक स्टेशनवरच्या बाईने पर्स कवटाळून बसावे तसा बसतो. कोणी हाक मारली तरी ओ देत नाही. नव्या विंडोजमध्ये याचे ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ असे दोनच प्रकार आहेत आणि आपण काही न सांगितले तर सहसा ‘पब्लिक’ धरले जाते. फायरवॉल बंद करण्याची गरज बहुतेक घरांत या एका ठिकाणी संपते. दार काढून टाकायचे नसते. घरच्यांना आत घ्यावे एवढे पहारेकऱ्याला सांगायचे असते. विकतच्या अँटीव्हायरसमध्ये कधी कधी स्वतःचा निराळा पहारेकरी असतो, त्यालाही तेच सांगावे.

एवढे होऊनही माझ्या लॅपटॉपच्या ‘नेटवर्क’ नावाच्या खिडकीत मामंजींचे नाव येईना. कन्या हिरमुसली. पण ती खिडकी म्हणजे इमारतीच्या जिन्याखालची नावांची पाटी आहे. पाटीवर नाव नसले म्हणून भाडेकरू राहतच नाही असे होत नाही. ही यादी पूर्वी त्या पहिल्या पिढीच्या बोलीच्या आधाराने बने. आता वेगळ्या रीतीने बनते आणि पुष्कळदा अपुरी बनते. तिच्याकडे बघत बसण्यात अर्थ नाही. वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे पत्ता लिहून एंटर दाबले, आणि प्रथमच तो शून्य-एक्सचा मंत्र न येता चौकट आली: नाव सांगा, पासवर्ड सांगा.

इथे यंत्राचे काम संपले आणि माणसाचे सुरू झाले.

मामंजींच्या संगणकाला पासवर्ड नव्हता. कधीच नव्हता. “घरात कुणापासून लपवायचंय?” हा त्यांचा युक्तिवाद. आता विंडोजचा नियम असा, की ज्या खात्याला पासवर्ड नाही त्या खात्याने समोर खुर्चीवर बसून खुशाल काम करावे. पण जाळ्यावरून दुसऱ्या संगणकाने त्या नावाने आत येऊ म्हटले, तर नाही. नियम शहाणपणाचा आहे. पासवर्डाची सक्तीच काढून टाकून ‘पाहुणा’ म्हणून शिरायचा एक जुना मार्ग होता. परंतु नव्या विंडोज ११मध्ये, विशेषतः कचेऱ्यांत वापरतात त्या प्रकारांत, २०२४च्या आवृत्तीपासून प्रत्येक निरोपावर सही लागते, आणि निनावी पाहुण्याला सही कशी करता येणार?

(एक गोष्ट जाता जाता. आपण लॅपटॉप उघडताना जो चार आकडी पिन टाइप करतो तो त्या एका यंत्रापुरताच असतो. जाळ्यावरून तो चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. या एका गोष्टीपायी किती नवरा-बायकोंनी एकमेकांना वेड्यात काढले असेल!)

मी म्हटले, “मामंजी, तुमच्या खात्याला पासवर्ड लावू या का?”

“मी माझ्या खोलीत शिरताना रोज परवलीचा शब्द सांगायचा?”

“मग माझ्यासाठी वेगळं खातं काढू. त्याला पासवर्ड. तुमचं होतं तसंच राहील.”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “खातं तुझं, पण पासवर्ड मी ठरवणार.” तो त्यांनी ठरवला, त्यांच्याच संग्रहातला एक शब्द, रोमन लिपीत, पुढे त्यांच्या पहिल्या शाळेच्या वर्षाचा आकडा. तो शब्द मी इथे सांगत नाही हे उघड आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू केल्यावर एकदम पूर्वीसारखा आत न जाता त्याने दोन चित्रे दाखवली, एक त्यांचे आणि एक ‘सूनबाई’ नावाचे. एकच बिनपासवर्डचे खाते असले म्हणजे विंडोज सरळ आत नेते, दोन झाली की विचारते. मामंजी चहा पिताना म्हणाले, “आमच्या दारावर आता दोन पाट्या लागल्या.” नाराज वाटले नाहीत.

मग फोल्डर वाटून घेण्याची वेळ आली. फोल्डरवर उजवी कळ दाबली, की विंडोज सेव्हन ‘होमग्रुप’चे आमिष दाखवते. त्याला भुलू नये. नव्या विंडोजमधून ती सोय २०१८ सालीच काढून टाकली आहे. ‘ठरावीक माणसांबरोबर’ या अर्थाचा पर्याय घ्यावा आणि खाते निवडावे. तिथे प्रत्येक नावापुढे विचारतात: फक्त वाचन, की वाचन आणि लेखन?

मामंजींचा हात माउसवर होता. तो थांबला.

कारण मला ठाऊक होते. काही वर्षांपूर्वी एका नियतकालिकाने त्यांचा लेख मागवून घेतला आणि छापताना प्रत्येक ‘व्हाळा’चा ‘ओढा’ केला, ‘गडग्या’ची ‘दगडी भिंत’ केली, आणि लेख ‘सुधारून घेतला आहे’ असे वर पत्राने कळवले. तो अंक त्यांनी ट्रंकेत तळाशी ठेवला आहे. कोणाला दाखवत नाहीत. आणि मी तर दरवर्षी मुलांच्या वह्यांवर तांबड्या शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारत आले आहे, हे ते जेवणाच्या टेबलावर बसून बघत आले आहेत.

“वाचन,” मीच म्हटले. “मला वाचनापुरतंच द्या.”

“नीट चालेल ना तुझं तेवढ्यात?”

“वाचता आलं की नक्कल करून घेता येते. तुमच्याकडचं एक अक्षरही मला बदलता येणार नाही.”

“आणि तिकडं नेलेल्या नकलेतलं?”

खरे म्हणजे या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही संगणकाकडे नाही. तिथे दोन पहारे असतात, एक वाटून घेण्याचा आणि एक डिस्कवरचा. दोहोंत जो अधिक कडक तो चालतो. परंतु फाइल एकदा माझ्या घरी आली, की ती माझी. मी तसे सांगितले. मामंजींनी ‘वाचन’ निवडून कळ दाबली आणि म्हणाले, “त्याला यंत्र काय करणार? ते तुझं तू.”

एकंदर साहित्य अकरा जीबी. मी आधी शब्दांच्या फाइली घेतल्या. आकाराने लहान, मोलाने मोठ्या. मरणोन्मुख डिस्कवरून आधी काय घ्यायचे हे ठरवताना आकार नव्हे, भरून न येणारे काय आहे ते पाहावे. पाऊण मिनिटात चौदा वर्षांचे काम या खोलीत आले. मग आवाज. तिथे गाडे अडले. साधी नक्कल एखाद्या वाचता न येणाऱ्या फाइलीपाशी अडते आणि पुढच्या सगळ्यांना ताटकळत ठेवते. विंडोजमध्ये यासाठी ‘रोबोकॉपी’ नावाची आज्ञा असते. ती चिकाटीची आहे. पण चिकाटी किती? आपण काही न सांगितले, तर एका फाइलीसाठी ती दहा लाख वेळा प्रयत्न करते आणि दर वेळी मध्ये ३० सेकंद थांबते. मी हिशेब केला: एका फाइलीला ३४७ दिवस! तेव्हा तिला आधीच सांगावे, एकदाच पुन्हा बघ, सेकंदभर थांब, आणि पुढे चल.

रात्रभर ते चालले. मामंजी आपल्या खोलीत जागेच होते. टकटक ऐकू येत असणार. सकाळी यादी पाहिली तर दोन फाइली मागे राहिल्या होत्या. डिस्क थंड झाल्यावर दुपारी पुन्हा प्रयत्न केला, एक आली. दुसरी आली नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. एका म्हाताऱ्या बाईंनी जात्यावर म्हटलेल्या ओव्या होत्या त्या. त्या बाई २०१९ साली गेल्या. मामंजींना मी हे स्वयंपाकघरात सांगितले. ते म्हणाले, “चार-पाच पाठ आहेत मला. चाल बाकी तिची यायची नाही.” आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले.

शब्दांच्या फाइलींची कथा अजून संपली नव्हती. पहिली उघडली तर त्यात मराठी नव्हतेच! रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस, उद्गारचिन्हे यांची नुसती खिचडी. कन्या किंचाळली, “आई, फाइल खराब झाली!” झाली नव्हती. २०१२ सालीही पुष्कळ ठिकाणी मराठी टंकलेखन जुन्या धाटणीच्या फॉन्टांत होत असे. त्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असते. फॉन्ट त्याला देवनागरी मुखवटा चढवतो. मुखवटा माझ्या लॅपटॉपवर नव्हता. देवनागरीला युनिकोडमध्ये स्वतःची जागा १९९१ सालीच मिळाली होती, पण घराघरांतले टंकलेखन तिथे पोचायला फार वर्षे लागली, आणि मधल्या काळात लिहिलेले किती मराठी अशा मुखवट्याआड पडून असेल, याचा विचार करवत नाही. आपल्या घरी कोणाच्या जुन्या फाइली असतील, तर त्यांच्याबरोबर त्यांचा फॉन्टही आठवणीने घ्यावा. मला फक्त वाचनाची आणि तीही एका फोल्डरपुरतीच मुभा होती. म्हणून मामंजींनी स्वतः फॉन्टची फाइल शोधून त्या फोल्डरात आणून ठेवली. मी ती बसवली, आणि समोर ‘अंगण’पासून शब्द उभे राहिले.

आता ते युनिकोडमध्ये आणायचे काम चालू आहे. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण जोडाक्षरांत ते घसरतात. आमच्याकडचा ‘पऱ्या’चा दर वेळी ‘पर्या’ करतो. मी काही बदलत नाही. रोज संध्याकाळी दोन पाने छापून मामंजींपुढे ठेवते. ते जुन्या वहीशी ताडून पाहतात आणि दुरुस्त्या कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांच्या पाठीवर लिहून देतात, तेवढ्याच मी करते. कधी कधी दुरुस्तीच्या खाली एखादी ओवी लिहिलेली असते, आठवली तशी. ती मी वेगळ्या फाइलीत ठेवते.

त्यांच्या संगणकावर मला अजून वाचनाचीच परवानगी आहे. सध्या ‘ग’ चालू आहे.